वॅगन आर २०१०

आईचा फोन दुपारी कधी येत नाही. दुपारी दुकानात गर्दी असते आणि मी ऑफिसात असतो हे तिला माहीत असतं. त्यामुळे जुलै २०२४ मधल्या त्या मंगळवारी तीन वाजता तिचा फोन आला तेव्हा मी मीटिंग सोडून बाहेर पळालो. डोक्यात एकच, पप्पांचं काहीतरी झालं.

पप्पांचं काही झालं नव्हतं.

"तुझं अ‍ॅप खोटं बोललं," ती म्हणाली.

झालं असं होतं. जिंतूर रोडवरच्या एका गॅरेजमधून मिस्त्रीचा पोऱ्या चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठीवर लिहिलेलं, ‘वॅगन आर २०१०, क्लच सेट’. आईनं मोबाईल उघडला, गाडी निवडली, साल निवडलं. अ‍ॅपनं रॅक आणि खण सांगितला. तिनं डबा काढला, बिल केलं, पोऱ्या गेला. दीड तासानं मिस्त्री स्वतः आला, सोबत गाडीचा मालक. प्लेट बसत नव्हती. गाडीचा गिअरबॉक्स खाली उतरवलेला, आणि मालकाला दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीला घेऊन अ‍ॅडमिशनसाठी नांदेडला जायचं होतं. तो आईला म्हणाला, "ताई, कळत नसंल तर गल्ल्यावर कशाला बसता?"

हे वाक्य आईनं मला फोनवर दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्याच आवाजात. रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती. नुसतं कळवत होती.

त्यांनी पैसे परत घेतले आणि पलीकडच्या दुकानातून प्लेट नेली. खरी लागणारी प्लेट आमच्याच रॅकवर होती. दोन खण खाली.

आमचं दुकान परभणीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. स्पेअर पार्टचं. बारा बाय तीसचं दुकान, वर पोटमाळा, तीन भिंतींना छतापर्यंत डबे. पप्पांनी ते माझ्या जन्माआधी चार वर्षं सुरू केलं. मी नांदेडला इंजिनिअरिंग केलं, मग पुण्यात नोकरी. दुकानात बसायचा विषय आमच्या घरात कधी निघालाच नाही, कारण मला बसवायचं नाही हे पप्पांनी माझ्या आधीच ठरवून टाकलेलं होतं.

२०२३ च्या हिवाळ्यात त्यांची अ‍ॅन्जिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने दुकान नको, त्यानंतर अर्धा दिवस. दुकान बंद ठेवायचं म्हणजे उधारी बुडणार आणि मिस्त्री लोकं दुसरीकडं वळणार. एकदा वळलेला मिस्त्री परत येत नाही, असं पप्पा नेहमी म्हणतात. नोकर ठेवून पाहिला, दीड महिन्यात गेला. मग आई म्हणाली, मी बसते. तिला हिशेब येतो, माणसं कळतात, उधारी कशी मागायची हे पप्पांपेक्षा चांगलं येतं. येत नव्हत्या फक्त गाड्या. तिच्या लेखी पांढरी गाडी आणि लाल गाडी असे दोन प्रकार होते.

मी म्हटलं, हा तर माझा विषय आहे.

खरंच होता. पुण्यात मी ज्या कंपनीत काम करतो तिथं आमच्या टीमकडं जे टेबल आहे त्याला ‘व्हेइकल मास्टर’ म्हणतात. जगातली कुठलीही गाडीशी संबंधित वेबसाइट घ्या. जुन्या गाड्या विकणारी असो, विमा काढणारी असो, पार्ट विकणारी असो. तिच्या पोटात हे टेबल असतंच. कंपनी, मॉडेल, व्हेरियंट, इंधन, साल. तुम्ही मोबाईलवर एकामागून एक निवडत जाता ते पर्याय तिथून येतात. दिसायला जगातलं सगळ्यात कंटाळवाणं टेबल. प्रत्येक कंपनीत ते नव्या माणसाला देतात, आणि सहा महिन्यांनी तो माणूस दुसरं काम मागतो.

तर मी चार रविवार परभणीला बसून पप्पांच्या वह्या टाइप केल्या. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्या. पहिल्या रकान्यात गाडी, दुसऱ्यात पार्ट, तिसऱ्यात खण, चौथ्यात भाव आणि समासात काहीबाही खरडलेलं. वह्या चाळताना लक्षात आलं की एका स्विफ्टला पप्पांनी सात तऱ्हांनी लिहिलंय. स्विफ्ट, स्वीफ्ट, शिफ्ट, स्विप्ट, नुसतं ‘स्वि.’, ‘जुनी स्वि.’ आणि ‘मुंगळा’. हा शेवटचा का, ते आजपर्यंत कळलेलं नाही. विचारलं तर हसतात.

आमच्या धंद्यात याला ‘डर्टी डेटा’ म्हणतात. मी तो धुतला. सगळ्या स्विफ्ट एका नावाखाली आणल्या. ‘व्हॅन’ दिसलं तिथं ‘ओम्नी’ केलं. (बरोबरच होतं. मारुतीनं १९८४ साली ती ‘व्हॅन’ म्हणूनच आणली, १९८८ ला तिला ओम्नी म्हणायला लागले. परभणीनं ते मनावर घेतलं नाही.) ‘मारुती’ एवढंच लिहिलेलं दिसलं की ‘मारुती ८००’ केलं, कारण आमच्याकडं कंपनी आणि ती गाडी यांत फरकच नव्हता. ‘छोटा हत्ती’चं ‘टाटा एस’ केलं. आणि समासातलं खरडलेलं, त्याला मी ‘रिमार्क’ नावाचा कॉलम दिला. त्यात जे होतं ते बघून थोडं हसू आलं. ‘पाटील’, ‘दिल्ली माल’, ‘हा देऊ नये’. आणि बऱ्याच ठिकाणी ‘एफ १०’, ‘के १०’, ‘डी १३’.

यातला ‘के १०’ मला माहीत होता. ऑल्टो के१०. पण तो वॅगन आरच्या ओळींसमोर लिहिलेला होता, एस्टिलोच्या ओळींसमोरही. मला वाटलं पप्पांची ओळ चुकली असणार. सत्तर पानांच्या वहीत माणसाचं बोट घसरतंच. मी ते चुकीचं समजून काढून टाकलं. मग एकूण रिमार्क कॉलमच काढला. डेटा एकदम चकाचक दिसायला लागला.

गाड्यांच्या नावांची भानगड मला माहीत नव्हती असं नाही. ऑफिसात दिवसभर तेच करतो. भानगड दोन प्रकारची असते.

पहिली म्हणजे एक नाव, अनेक गाड्या. बलेनो घ्या. १९९९ साली मारुतीनं बलेनो आणली ती डिकीवाली सेडान होती, २००७ मध्ये बंद झाली. २०१५ मध्ये बलेनो आली ती हॅचबॅक. दोघींमध्ये नाव सोडलं तर काहीही सारखं नाही. सँट्रो १९९८ मध्ये आली, २०१४ च्या शेवटाला गेली आणि २०१८ मध्ये वेगळीच गाडी होऊन परत आली. ऑल्टोचा तर गुंता आहे. २००० मध्ये ऑल्टो. २०१० मध्ये ऑल्टो के१०. २०१२ मध्ये जी नवी आली ती ऑल्टो ८००. २०१९ मध्ये तिचं ८०० काढून पुन्हा नुसती ऑल्टो. आता ग्राहक ‘ऑल्टो’ म्हणाला तर तो कुठल्या ऑल्टोबद्दल बोलतोय? आणि स्कॉर्पिओ. २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एन आली तेव्हा जुन्या स्कॉर्पिओला ‘क्लासिक’ म्हणायला लागले. म्हणजे ज्यानं त्याच्या आदल्या वर्षी नवीकोरी स्कॉर्पिओ घेतली, त्याच्या आरसीवर क्लासिक नाही, पण लोकांच्या तोंडी तो क्लासिकवाला झाला.

दुसरी भानगड उलटी. एक गाडी, अनेक नावं. महिंद्रा-रेनोची लोगान २०११ मध्ये व्हेरिटो झाली. टोयोटाची ग्लान्झा म्हणजे बलेनोच, बिल्ला वेगळा. टाटानं २०१६ मध्ये झिका नावाची गाडी आणायची सगळी तयारी केली आणि नेमकी त्याच वेळी जगभर झिका विषाणूची साथ पसरली. गाडी टियागो म्हणून आली. २०२४ मध्ये महिंद्राच्या बीई ६ई मधला ‘ई’ गेला, कारण ‘६ई’वर इंडिगो विमान कंपनी कोर्टात गेली. आणि माझं लाडकं उदाहरण म्हणजे फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन. फियाटच्या पुन्टोत ते ‘मल्टिजेट’, टाटाच्या इंडिका व्हिस्टात ‘क्वाड्राजेट’, मारुतीच्या स्विफ्टमध्ये ‘डीडीआयएस’. पुण्याजवळच्या रांजणगावात त्याचा कारखाना होता. एक इंजिन आणि प्रत्येक घरात वेगळं नाव, लग्न झालेल्या बाईसारखं.

डिझायर दोन्ही भानगडींत बसते. २००८ मध्ये ती आली तेव्हा नाव होतं स्विफ्ट डिझायर. २०१७ मध्ये कंपनीनं अधिकृतपणे ‘स्विफ्ट’ काढलं, नुसती डिझायर. परभणीत उलटं झालं, लोकांनी ‘डिझायर’ काढलं. इथं टॅक्सीवाला "माझी स्विफ्ट" म्हणाला तर शंभरातल्या बहुतेक वेळा ती डिकीवाली असते.

हे सगळं मला माहीत होतं. मी प्रत्येक गाडीच्या पिढ्या पाडल्या होत्या. प्रत्येक पिढीला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशी सालं दिली होती. वॅगन आर पहिली १९९९ ते २०१०. दुसरी २०१० ते २०१९. आईनं ‘२०१०’ निवडलं की अ‍ॅपला दोन पिढ्या सापडत होत्या आणि मी लिहिलेल्या कोडप्रमाणे ते त्यातली नंतरची निवडत होतं. न विचारता. स्क्रीनवर एकच उत्तर, ठळक अक्षरात, खाली खण नंबर. शंकेला जागाच ठेवलेली नव्हती.

दुसरी वॅगन आर एप्रिल २०१० मध्ये आली. त्या माणसाची गाडी फेब्रुवारीची होती.

शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं घरी गेलो. सकाळी पप्पा ओट्यावर बसून पेपर वाचत होते. आईनं त्यांना सगळं सांगितलेलं असणार, पण ते काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर म्हणाले, "वही आण."

मी वही आणली. त्यांनी वॅगन आरचं पान काढलं. समासावर बोट ठेवलं.

"हे काय लिवलंय?"

"एफ १०."

"आन् ह्याच्यापुढं?"

"के १०. पण पप्पा, के१० ऑल्टो आहे ना. मला वाटलं तुमची ओळ…"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मी सातवीत भूमितीच्या पेपरात कंपास घरी विसरलो होतो तेव्हा असंच बघितलं होतं.

"ऑल्टोला के१० नाव कशामुळं पडलं?" त्यांनी विचारलं.

आणि मला ते कळायला खरोखर चार-पाच सेकंद लागले. के१० हे इंजिनचं नाव आहे. के१०बी, ९९८ सीसी. ते टाकलं म्हणून ऑल्टो के१०. तेच इंजिन दुसऱ्या वॅगन आरला, तेच २००९ नंतरच्या एस्टिलोला. त्याआधीच्या वॅगन आरला आणि आधीच्या झेन एस्टिलोला एफ१०डी, १०६१ सीसी. एकाला टायमिंग बेल्ट, दुसऱ्याला चेन. क्लच वेगळा, फिल्टर वेगळा. ‘डी १३’ म्हणजे तेच फियाटचं डिझेल, मारुतीच्या घरातलं त्याचं आणखी एक नाव. पप्पांना सालाशी काही घेणंदेणं नव्हतं. ते मिस्त्रीला म्हणत, कार्ड दाखव. आरसीवर इंजिन नंबर असतो आणि मारुतीच्या इंजिन नंबरची सुरुवातच या अक्षरांनी होते. के१०बी दिसलं की हा डबा, एफ१०डी दिसलं की तो. गाडीचं नाव त्यांनी पहिल्या रकान्यात लिहिलं होतं ते ग्राहकाच्या समाधानासाठी. खरा पत्ता समासात होता.

मी इंजिनिअर माणूस. डेटाबेसमध्ये ज्याला ‘प्रायमरी की’ म्हणतात, म्हणजे ज्यावरून ओळ नेमकी ओळखायची तो कॉलम, मी तोच कचरा म्हणून फेकला होता. आणि तो फेकताना मला बरं वाटलं होतं.

"आईला सांगायला पाहिजे होतं तुम्ही," मी म्हटलं. उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून.

"तू मोबाईलमंदी सगळं घातलंस म्हणलास," पप्पा म्हणाले.

त्या शनिवारी दुपारी दुकान लवकर बंद करून आम्ही तिघं आत बसलो. पप्पा खुर्चीवर, मी स्टुलावर लॅपटॉप घेऊन, आई खालच्या खणांसमोर पोत्यावर. पप्पा डबा बघून अक्षरं सांगायचे, आई खण बोलायची, मी टाइप करायचो. रात्री साडेदहापर्यंत मारुती संपली. रविवारी ह्युंदाई. तिथंही तसंच, सँट्रो झिंगच्या इंजिनवर ‘जी४एचजी’, पुढच्या कप्पा इंजिनावर ‘जी४एलए’. आई मध्येच म्हणाली, "हे तर बियाण्यासारखं झालं."

तिचं माहेर सेलू तालुक्यात, शेतकरी घर. तिला म्हणायचं होतं ते असं. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सोयाबीन घ्यायला कुणी गेलं तर दुकानात कुणी ‘समृद्धी’ म्हणत नाही, ‘एकाहत्तर’ म्हणतात. एमएयूएस ७१. नाव समृद्धी, नंबर एकाहत्तर, आणि पिशवीवर दोन्ही छापलेलं. ‘एमएयूएस’ म्हणजे मराठवाडा अ‍ॅग्रिकल्चरल युनिव्हर्सिटी सोयाबीन. विद्यापीठ १९७२ सालचं. २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईकांचं नाव दिलं. पण वाणांच्या नंबराआधीची अक्षरं कुणी बदलली नाहीत. ६१२ नंबरचं वाण आलं तेही एमएयूएस म्हणूनच. बदलली असती तर शेतकऱ्याला वाटलं असतं हे वेगळंच बियाणं आहे, आणि बियाण्यात चूक झाली तर क्लच प्लेटसारखं दुसऱ्या दिवशी बदलून आणता येत नाही. हंगाम जातो.

आपल्या एमएच २२ चंही तसंच. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघाला, त्यांना एमएच ३८ मिळालं. पण त्याआधीच्या गाड्या २२ च राहिल्या. हिंगोलीत म्हाताऱ्या झालेल्या एमएच २२ च्या जीपा दिसतात तेव्हा मला त्या टेबलातल्या जुन्या ओळींसारख्या वाटतात. जिल्हा बदलला म्हणून कुणी जाऊन त्यांच्या पाट्या खरवडल्या नाहीत हे किती चांगलं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, एमएच २० तसंच आहे. नावाबद्दल भांडता येतं. नंबराबद्दल सहसा कुणी भांडत नाही.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ते का म्हणतात यावर प्रत्येकाची वेगळी गोष्ट आहे, त्यात शिरत नाही. पण या एका बाबतीत जर्मनी खरंच पुढं आहे. तिथल्या गाडीच्या कागदावर दोन छोटे नंबर असतात, एक बनवणाऱ्याचा आणि एक प्रकाराचा. पार्ट विकणाऱ्या वेबसाइटवर माणूस गाडीचं नाव न टाकता ते दोन नंबर टाकतो आणि नेमकी त्याची गाडी निघते. आपल्याकडं चेसिस नंबर आहे, १७ अक्षर-अंकांचा, जगभर एकाच पद्धतीचा. त्यात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुद्दाम वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. ज्यानं हे ठरवलं त्यानं कधीतरी तेलकट हातांनी, टॉर्चच्या उजेडात नंबर वाचलेला असणार. मारुतीचा एमए३ नं सुरू होतो, टाटाचा एमएटी नं, ह्युंदाईचा एमएएल नं. पण पुढच्या अक्षरांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा आणि दुकानदाराला तो कुणी छापून देत नाही. म्हणून परभणीत तो नंबर नुसता चेसिसवर असतो आणि पप्पांची तीन अक्षरं समासात.

माणसं नावात अडकतात आणि यंत्रं त्याहून जास्त, हे फक्त गाड्यांचं नाही. माणसाच्या जनुकांना छोटी नावं असतात, त्यातली काही ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ अशी होती. शास्त्रज्ञ ती एक्सेलमध्ये टाकायचे आणि एक्सेल त्यांची तारीख करून टाकायचं. १ मार्च, २ सप्टेंबर. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली. मला हे वाचून आधी हसू आलं होतं. आता माझ्याच शीटमध्ये बॉशच्या पार्ट नंबरांच्या सुरुवातीचं शून्य गायब झालेलं सापडलं, तेव्हा आलं नाही.

इंजिनच्या पार्टांचं असं सुटलं. बॉडीच्या पार्टांचं सुटेना. हेडलाइट, बंपर, आरसा, दाराची काच. इथं इंजिन नंबर कामाचा नाही, कारण त्याच इंजिनवर कंपनी दर दोन-तीन वर्षांनी चेहरा बदलते. पप्पांच्या वहीत यासाठी ‘जुनी’, ‘नवी’ आणि ‘डबल नवी’ असे शब्द होते. वही नंबर दोनमधली ‘नवी’ वही नंबर चारमध्ये ‘जुनी’ झालेली. कंपन्याही हेच करतात, जाहिरातीत, कधी बिलावर ‘न्यू’ छापून देतात. नव्याचं म्हातारपण कुणी धरतच नाही. परभणीतला नवा मोंढा बघा, आमच्या आज्जाच्या आठवणीत तो नवाच होता, आमच्याही आठवणीत नवाच आहे. जागेला चालतं. ती हलत नाही. हेडलाइटला चालत नाही.

मग मी टेबलमधून ‘नवी’ हा शब्द हद्दपार केला. प्रत्येक चेहऱ्याला सुरू झाल्याचा महिना आणि साल, आणि समोरून काढलेला एक फोटो. साल दोन चेहऱ्यांत पडत असेल तर अ‍ॅप आता उत्तर देत नाही. दोन फोटो दाखवतं आणि विचारतं, यातली कोणती? आई मोबाईल ग्राहकापुढं धरते. ग्राहकाला स्वतःच्या गाडीचं नाव चुकू शकतं, साल चुकू शकतं, तोंड चुकत नाही.

आणि मी धुऊन टाकलेली सगळी नावं परत आणली. स्वीफ्ट, शिफ्ट, स्विप्ट, व्हॅन, मारुती, छोटा हत्ती, मुंगळासुद्धा. आता ती वेगळ्या टेबलात राहतात, प्रत्येक नावापुढं ते कुठल्या गाडीला किंवा गाड्यांना म्हणतात ते. पोऱ्या चिठ्ठीवर काहीही लिहून येऊ दे. आईनं ‘शिफ्ट’ टाइप केलं तरी स्विफ्ट आणि डिझायर दोन्ही समोर येतात आणि खाली प्रश्न असतो, डिकी आहे का? याला टेक्निकल भाषेत काय म्हणतात ते मी ऑफिसात सांगतो तेव्हा लोक मान डोलावतात. पप्पांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी वही तशीच ठेवलीस."

ऑफिसातही मी एक तिकीट उघडलं, आमच्या व्हेइकल मास्टरमध्ये इंजिन कोडचा कॉलम सक्तीचा करा म्हणून. त्याला कुणीतरी ‘लो प्रायॉरिटी’ लावलंय. दर महिन्याला मी तिथं एक कमेंट टाकतो.

तो जिंतूरकडचा माणूस दिवाळीनंतर दुकानात आला. मी सुट्टीवर होतो, काउंटरच्या मागंच उभा होतो. त्यानं मला ओळखायचं काही कारण नव्हतं. "ताई, वॅगन आरचा ऑइल फिल्टर," तो म्हणाला. "साल धा."

"नवी-जुनी आन् साल राहू द्या भाऊ," आई म्हणाली, "कार्ड दाखवा."

त्यानं आरसी काढली. आईनं चष्मा लावला, इंजिन नंबरवर बोट फिरवलं, "एफ धा," असं स्वतःशीच म्हणाली आणि मोबाईलकडं न बघता खाली वाकून डबा काढला. मुलीचं अ‍ॅडमिशन झालं का, हेही विचारलं. झालं होतं. बसनं गेले होते ते, पहाटेच्या. उशीर झाला नव्हता. मी उगाचच बिलबुकाची पानं सरळ करत राहिलो.

सगळं काही टेबलात बसलेलं नाही. पूर्णेच्या एका माणसाची जीप आहे. बॉडी एका कंपनीची, इंजिन दुसऱ्या, गिअरबॉक्स कुठला ते देवाला आणि पप्पांना माहीत. आरसीवर जे लिहिलंय त्यातलं तिच्यात आता अर्धंच शिल्लक आहे. अशा गाड्यांसाठी मी एक खूण ठेवली आहे. ती आली की स्क्रीनवर पार्ट नंबरऐवजी दोन शब्द येतात, ‘पप्पांना विचारा’. सुरुवातीला अशा ओळी साठच्या वर होत्या. प्रत्येक सुट्टीत दोघं बसून काही सोडवतो. गेल्या वेळी बारा सोडवल्या, त्यातल्या दोन नंतर चुकीच्या निघाल्या. पप्पांकडून चुकून झालं की मुद्दाम, ते काही कळत नाही. आई म्हणते, राहू दे त्या तशाच.